खरवडलेली भिंत

डोळ्याच्या ऑपरेशननंतर आक्काला सगळं जरा जास्तच स्पष्ट दिसू लागलं होतं. लेकीकडे दोन महिने काढून ती आज परतली, ती बॅग खांद्याला लावून थेट संग्रहालयात आली. नव्याने मांडलेल्या खोलीचं उद्घाटन चार वाजता होतं आणि आत्ता कुठे अडीच वाजत होते. तिकिटाच्या खिडकीतून भाचीने, चुलतभावाच्या मुलीने, तिला पाहिलं आणि ती धावतच बाहेर आली.

"आत्या, आधी चहा घे ना."

"आधी खोली बघू दे."

"बघशील गं. प्रवासातून आलीस, चहा तरी घे."

चहाचा असा आग्रह लोक वाईट बातमीच्या आधी करतात, हे आक्काला साठ-पासष्ट वर्षांच्या अनुभवाने ठाऊक होतं. तिने भाचीच्या हातातल्या किल्ल्यांच्या जुडग्याकडे पाहिलं. दोन महिन्यांपूर्वी तिनेच तो जुडगा विश्वासाने दिला होता. आता तो परत घेण्यासाठी तिने नुसता तळवा पुढे केला.

संग्रहालयाचं घर तसं चार खोल्यांचं. खाणीच्या मालकाने चार बिऱ्हाडांसाठी बांधलेलं, एका बिऱ्हाडाला एक खोली. खालच्या डाव्या खोलीत खाणीच्या पंपाला कोळसा घालणारा एक माणूस बायको आणि सहा मुलांसह राहायचा. त्या सहातला चौथा म्हणजे पंपवाले. खाणीतलं पाणी उपसण्याचा जो पंप त्यांनी बनवला, त्याची आकृती आजही शाळेच्या पुस्तकात असते आणि मुलं ती चुकीची काढतात. पंपवाले मोठे झाले, दूर गेले, त्यांचे पुतळे झाले. त्यांची धाकटी बहीण मात्र त्याच खोलीत राहिली, आणि आक्काचं घराणं त्या बहिणीचं. सहा पिढ्यांनी ती खोली सांभाळली. आक्काच्या वडिलांनी ती संग्रहालयाच्या संस्थेला दिली तेव्हा किल्ली घरातच राहील, एवढं बोलून घेतलं होतं. आतल्या वस्तूही घराच्याच राहिल्या. दर दहा वर्षांनी एका कागदावर सही करायची आणि त्या संस्थेला वापरू द्यायच्या, असा रिवाज होता. तो कागदही आजच सहीला यायचा होता.

आक्काने दार उघडलं आणि ती उंबऱ्यावरच थांबली.

भिंत नव्हती. म्हणजे दगड होते, काळपट, ओबडधोबड, मध्ये मातीची दरज. पण तिची भिंत नव्हती. चुना गेला होता. चारही बाजूंचा, कोपऱ्यांतला, खिडकीच्या आतल्या कडेचासुद्धा. चुलीच्या वर, जिथे दर वर्षी सगळ्यात आधी ब्रश टेकायचा, तिथे कुणीतरी काळ्या रंगाने काजळी काढली होती. ती रंगवलेली होती हे आक्काला बोट न लावताच कळलं, कारण धूर असा गोल गोल चढत नाही.

तेवढ्यात कोपऱ्यात कुणीतरी खोकलं.

आक्का दचकली. घराण्याच्या जुन्या पाळण्याशेजारी प्लास्टरची एक बाई बसवली होती. अंगावर चिंध्या, केसांच्या जटा, गालाला कोळसा फासलेला. पाळण्यातल्या प्लास्टरच्या बाळाच्या नाकाखालीसुद्धा रंगाचा एक ओघळ काढला होता, म्हणजे कारागिराने काही म्हणून कमी ठेवलं नव्हतं. बाई पुन्हा खोकली. आवाज पाळण्याखालच्या डबीतून येत होता आणि दर दीड मिनिटाने यायचा.

"ही कोण?" आक्काने विचारलं.

"आत्या, ती... पंपवाल्यांची आई."

"हिला आंघोळ कुणी घातली नाही का?"



आक्काच्या तळपायाची आग मस्तकात गेली. या बाईबद्दल घरात दोनच गोष्टी सांगितल्या जायच्या. एक, तिला सही करता येत नव्हती. दुसरी, खाणीचा धुरळा अष्टौप्रहर उडत असताना तिने ही खोली पांढरी ठेवली. थंडी सुरू होण्याआधी दर वर्षी चुना, त्यात चिमूटभर नीळ, आणि सगळी भिंत एका दिवसात. तिच्यानंतर तिच्या लेकीने, मग नातीने, असं करत करत तो ब्रश आक्काच्या हातात आला. एकही वर्ष चुकलं नव्हतं. आजार, बाळंतपणं, संप, खाण बंद पडली ते वर्ष, काही नाही. खुंटीजवळ एक टवका उडालेला होता. तिथे चुन्याचे थर वहीच्या पानांसारखे एकावर एक दिसायचे, आणि लहानपणी आक्का नि तिचा भाऊ ते सुईने मोजायचे. शंभराच्या पुढे भांडण व्हायचं आणि मोजणी फिसकटायची.

"कुणी केलं हे?"

"काम करणारे आले होते. संचालकांनी..."

"तू कुठे होतीस?"

"इथेच होते." भाचीचा आवाज अगदी बारीक झाला. "पहिल्याच दिवशी जाडी दिसली मला. दोन बोटं होती. त्या माणसाची खरवडायची तीन पाती मोडली. मी संचालकांना म्हटलं, एकदा आत्याला विचारू या. ते म्हणाले, फाइल बघितली आहे. काजळीही गेल्या मंगळवारी रंगवून घेतली. माझी नोकरी अजून कायम व्हायचीय, आत्या. या महिनाअखेरीला होणार आहे."

 आक्काला राग आला होता आणि पोरीची कीवही आली, आणि दोन्ही एकदम आल्यामुळे तिला आणखीच राग आला.

इतक्यात भाऊ आणि भावजय आले. भावाने कारखान्यात छत्तीस वर्षं लेथ चालवली होती आणि निवृत्तीनंतर प्रथमच त्याच्यासाठी कुठल्या व्यासपीठावर खुर्ची ठेवली होती. नवे बूट चावत होते, तरी तो ऐटीत चालत होता. भावजय मागून, हातात त्याचा चष्मा घेऊन. नणंद-भावजयीचं कधी फार सख्य नव्हतं. चुन्यात नीळ किती घालायची यावरून दोघी गेली तीस वर्षं दर वर्षी एक दिवस अबोला धरत.

"वा," भाऊ आत डोकावून म्हणाला. "अगदी त्या काळातलं वाटतंय."

"त्या काळात तू होतास का?" आक्काने विचारलं.

"चिडू नकोस, आक्का. लोकांना असंच आवडतं. अंधाऱ्या खोलीतून एवढा मोठा माणूस वर आला म्हटलं की बरं वाटतं त्यांना."

"मग अंधार रंगवायचा? आपल्या पणजीच्या आजीला भिकारीण करायची? गरीब होतो, घाणेरडे नव्हतो आपण. या दोन्हींतला फरक त्यांना कळत नसेल, तुला तर कळतो ना?"

"आता खरवडलं ते खरवडलं. चार वाजता लोक येणार आहेत. आज तमाशा नको."

"तमाशा तर त्यांनी मांडलाय. खोकतोय बघ."

प्लास्टरची बाई खोकली. भावजयीने पदर तोंडाला लावला. हसू लपवायला की आणखी कशाला, ते दिसलं नाही. ती चुलीपाशी गेली आणि दगडाला हात लावून उभी राहिली.

संचालक आले ते कागद घेऊनच. चाळिशीचा, मऊ बोलणारा माणूस होता. चढ्या आवाजात बोलणाऱ्याशी भांडता येतं, पण हा प्रत्येक वाक्याच्या शेवटी किंचित हसायचा, आणि त्या हसण्याला कुठे धरावं ते कळत नसे.

"बाई, प्रवास ठीक झाला ना? ही सही तेवढी राहिलीय. पाळणा, डबा, पेटी, नेहमीचीच यादी आहे."

"माझा चुना कुठे आहे?"

"चुना काढला, बाई. मूळ दगड दिसावा म्हणून."

"मूळ? या दगडावर पहिला हात मारला तेव्हा पंपवाले पाळण्यात होते. चुना त्यांनी बघितला. हा उघडा दगड त्यांनी जन्मात बघितला नाही."

"ते आपलं घरातलं बोलणं झालं. मला नोंदीवर जावं लागतं." त्यांनी काखेतली फाइल काढली. ती बरोबर आणली होती, याचा अर्थ हा प्रसंग येणार हे त्यांना माहीत होतं. "तीस वर्षांपूर्वी सरकारी मोजणी झाली होती. हे बघा. आतील भिंती: चुन्याची सफेदी, चालू वर्षातील. जुना थर नाही. ऐतिहासिक मूल्य नाही."

"कुणा गाढवाने लिहिलं हे?"

संचालक किंचित हसले आणि त्यांनी बोट एक ओळ खाली सरकवलं. आक्काने नव्या डोळ्याने वाचलं. अक्षर न् अक्षर स्वच्छ दिसत होतं. माहिती देणार, घरातील थोरली मुलगी. आणि अवतरणात तिचंच वाक्य: 'आमच्या घरात जुनं काही राहत नाही. सगळं यंदाचंच आहे.'

तिला ती दुपार आठवली. ती शिडीवर होती, कोपरापर्यंत चुन्याने भरलेली. टेप घेतलेला एक माणूस दारात उभा राहून विचारत होता, हा चुना किती जुना? त्या प्रश्नाचाच तिला राग आला होता. शेवटची आंघोळ कधी केलीत, असं एखाद्या परक्याने विचारावं तसा. म्हणून तिने ठसक्यात ते उत्तर दिलं होतं आणि माणूस गेल्यावर त्याची नक्कल करून सगळ्यांना हसवलंही होतं. स्वच्छतेची शेखी मिरवायला गेली आणि सहा पिढ्यांच्या बायकांचं काम एका वाक्यात पुसून आली. दुसऱ्या कुठल्याही घरातल्या माणसाने सांगितलं असतं, खूप जुना आहे हो, पणजीच्या आजीपासूनचा. त्यांच्याच घरात जुनं म्हणजे मळकं होतं.

 भावाला आता जोर आला.

"म्हणजे तूच सांगितलंस. आणि मघापासून आम्हाला फैलावर घेते आहेस."

"हो. मीच सांगितलं."

"मग झालं तर. कर सही. विषय संपला."

"यात कुणाचा दोष नाही, बाई," संचालक म्हणाले. "आपण हे आपल्यातच ठेवू. बाहेर कुणाला कळायचं कारण नाही."

ते पेन पुढे करून उभे राहिले. आणि आक्काला नेमकं या चांगुलपणाने टोचलं. तिची चूक झाकायला तो माणूस तयार होता, का, तर तिच्या चुकीखाली त्याची स्वतःचीही झाकली जाणार होती. पहिलंच पातं मोडलं तेव्हा त्याला थांबता आलं असतं. ही पोर सांगत होती. एक फोन करायचा होता. त्याऐवजी त्याने कागद पुढे केला होता, आणि कागदावर आक्का होती. आता दोघांनी मिळून मूग गिळायचे आणि त्या बाईने दर दीड मिनिटाने खोकत बसायचं, कायमचं.

"नाही," ती म्हणाली. "आपल्यात नाही ठेवायचं. इथे एक फलक लावायचा. चुलीच्या बाजूला, बाकीचे फलक आहेत तसाच."

"कसला फलक?"

"काय झालं त्याचा. या भिंतीवर सहा पिढ्यांचा चुना होता. घरातल्या बाईने तो यंदाचा आहे असं चुकीचं सांगितलं, आणि संग्रहालयाने जाडी बघूनही न विचारता खरवडला. काजळी रंगवलेली आहे. इथे राहणारी बाई खोली पांढरी ठेवायची. बस, एवढंच."

भावाच्या तोंडचं पाणी पळालं. "आक्का, डोकं फिरलंय का तुझं? स्वतःची अब्रू स्वतःच भिंतीवर टांगायची? आज? सगळ्यांसमोर?"

"माझी टांगली तर तिची टांगलेली सुटते," आक्का म्हणाली. तिने प्लास्टरच्या बाईकडे हात केला. "तिला इथे येऊन बोलता येत नाही. मला येतं."

संचालकांचं हसू आता वाक्याच्या शेवटी येईनासं झालं होतं. "बाई, माझ्या सहीशिवाय इथे एकही फलक लागत नाही."

"आणि माझ्या सहीशिवाय इथे पाळणा राहत नाही."

"आधी उद्घाटन होऊ द्या. समितीची बैठक घेऊ. मी स्वतः विषय मांडतो."

"बैठकीत तुम्ही असाल, मी नसेन. मग फाइलमध्ये काय लिहिलं जातं ते मी आत्ताच बघितलं."

तिने वाकून प्लास्टरचं बाळ उचललं आणि खिडकीत ठेवलं. पाळणा जड होता, शिसवी लाकडाचा. एका टोकाला तिने हात घातला आणि तो उचलला, तर दुसरं टोक जमिनीवर घासलं. डॉक्टरने सहा आठवडे वजन उचलू नका म्हणून बजावलं होतं, आणि सहा आठवडे संपून जेमतेम काही दिवस झाले होते.

"वन्सं, थांबा," भावजय म्हणाली.

मघापासून ती चुलीपाशीच होती. आता आली आणि नणंदेच्या समोर उभी राहिली. आक्काने मनाची तयारी केली. तीस वर्षांचा निळीचा हिशेब आज चुकता होणार, असंच तिला वाटलं.

"तो फलक चुकीचा आहे," भावजय म्हणाली. "घरातल्या बाईने, नाही. घरातल्या बायकांनी असं पाहिजे. तो मोजणीवाला आला तेव्हा मी खाली बादलीत चुना कालवत होते. माझं लग्न होऊन दोन महिने झाले होते. नव्या सुनेने पहिला हात मारायचा म्हणून त्या सकाळी चुलीवरचा हात मीच मारला होता. तुमचं उत्तर मी ऐकलं. ते खरं नाही, हे मला माहीत होतं. आदल्याच दिवशी खुंटीजवळचा टवका तुम्हीच मला दाखवला होता, कौतुकाने. पण नवी होते. थोरल्या नणंदेला चूक कोण म्हणणार? आणि खरं सांगू का, मला बरंही वाटलं. भिंत माझ्यापासून सुरू झाली असं कागदावर लागलं, म्हणून."

आक्का तिच्याकडे बघत राहिली. या बाईने तीस वर्षं हे पोटात ठेवलं होतं, आणि दर वर्षी निळीवरून भांडली होती, पण हे काढलं नव्हतं.  आक्काला भावजयीचा हात धरावासा वाटला, पण दोन्ही हात पाळण्याखाली अडकले होते.

"बायकांनी," ती म्हणाली. "बरोबर आहे तुझं."

भावजयीने पदर खोचला आणि दुसरं टोक धरलं. दोघींनी पाळणा उचलला. भाऊ दारात आडवा उभा होता.

"बाजूला हो," बायको त्याला म्हणाली.

"अगं, माझी खुर्ची आहे तिथे वर. नाव लिहिलंय."

"बस जाऊन. आम्ही घेतो हे."

भावाने बाहेर मांडवाकडे पाहिलं, मग त्या दोघींकडे. लेथवर त्याच्या हाताखाली शिकलेल्या माणसांना तो एकच गोष्ट सांगायचा: माप चुकलं तर तुकड्यावर खडूने लिहा, लपवून पुढच्या माणसाकडे पाठवू नका. हे त्याला आत्ता आठवलं असेल किंवा नसेल, ते त्याने पुढे कधी कुणाला सांगितलं नाही. तो खाली बसला, चावणारे बूट काढून त्याने भिंतीशी ठेवले आणि बहिणीच्या बाजूचं टोक आपल्या हातात घेतलं. "तू सोड. डोळा सांभाळ," तो म्हणाला.

पाळणा दारातून बाहेर आला तेव्हा साडेतीन झाले होते. रस्त्यावर पहिल्या गाड्या थांबत होत्या. संचालक पाळण्याच्या एका बाजूने चालत हळू आवाजात समजावत होते, अगदी शेवटी म्हणाले, "एक महिना तरी द्या," आणि मग त्यांच्या लक्षात आलं की तिकिटाच्या खिडकीत दिवा लागलाय आणि छापायचं यंत्र सुरू आहे.

भाची बाहेर आली. हातात पांढरं जाड कार्ड होतं, बाकीच्या फलकांच्याच अक्षरात, त्याच मापाचं. शेवटच्या ओळीखाली तिने एक ओळ स्वतःची घातली होती: खरवडण्याच्या दिवशी हजर असलेल्या कर्मचाऱ्याने जाडी पाहिली आणि घरी कळवलं नाही. तिने कार्ड संचालकांना दाखवलं नाही. आत्याच्या हातात दिलं.

"पोरी, महिनाअखेर," आक्का हळूच म्हणाली.

"माहीत आहे."

संचालकांनी गाड्यांकडे पाहिलं. मग पाळण्याकडे, मग अनवाणी उभ्या असलेल्या वारसाकडे.  ते बाजूला झाले, आणि पाळणा आला त्याच वाटेने परत आत गेला. बाळ मात्र कुणी त्यात ठेवलं नाही. भावजयीने पाळण्याखालची डबी काढून तिची वायर ओढली.

प्रमुख पाहुणे इंजिनिअर होते, मोठ्या संस्थेचे अध्यक्ष. दार ठेंगणं असल्यामुळे त्यांना वाकून आत यावं लागलं. मागे दहा-बारा माणसं. त्यांनी चहूकडे पाहिलं, सावकाश मान हलवली, आणि चुलीच्या वरच्या काळ्या वर्तुळांपाशी त्यांची नजर थांबली. त्यांचा आवाज मनापासून भरून आला होता.

"काय दिवस काढले असतील त्या माउलीने. ही काजळी बघूनच सगळं कळतं."

संचालक पुढे व्हायला लागले. आक्का त्यांच्याही पुढे झाली. कार्ड तिने दोन्ही हातांनी छातीशी धरलं होतं, कारण खिळा अजून ठोकायचा होता.

"ही काजळी गेल्या मंगळवारी रंगवलीय," ती म्हणाली. "ती माउली नीटनेटकी होती. चूक आमची आहे. वाचून दाखवते, सगळ्यांनी जरा आत या."